अडीनडीचा डबा

बिभीषण कोळसे एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, पण त्यांच्यातला नियंत्रक काही निवृत्त झाला नाही. जगात अडचण अशी नसतेच, असतो तो नियोजनाचा अभाव, असं त्यांचं ठाम मत होतं. हे मत ऐकायला आता घरात विजयमालाबाईंखेरीज कुणी उरलं नव्हतं. त्या पोळ्या लाटता लाटता ऐकत. म्हणजे ऐकत असाव्यात.

त्या वर्षी उन्हाळ्यात कोल्हारच्या कृष्णाई कॉलनीत शेजारच्या गोजरबाईंची सून रुपाली अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात पडली. घरातली माणसं दिवसभर दवाखान्याच्या फेऱ्या मारायची आणि रात्री फरसाण खाऊन झोपायची. हे बघून विजयमालाबाईंनी त्यांना डबा पाठवायला सुरुवात केली. भाजी, पोळी, आमटी, भात आणि वर कैरीची फोड. स्वयंपाक बाईंचा, कुंपणावरून डबा पलीकडं देण्याचं काम बिभीषणरावांचं. रुपाली घरी आली त्या दिवशी गोजरबाईंनी कुंपणाशी येऊन हात जोडले.

"नाना, तुमच्या डब्यानं आमी तगलो बघा."

तुमच्या! हा शब्द बिभीषणरावांनी प्रसादाच्या फुलासारखा डोळ्यांना लावला. आपण काय केलं, याचा नीट विचार करता त्यांच्या लक्षात आलं की आपण समाजकार्य केलं. आणि एका घरचं समाजकार्य कॉलनीभर पसरायला फक्त नियोजन लागतं.

पुढच्या रविवारी मारुतीच्या पारावर सभा भरली. बिभीषणरावांनी 'अडीनडी डबा निधी'ची घोषणा केली. कल्पना सोपी होती. प्रत्येक घरानं आपला वार ठरवायचा आणि त्या दिवशी एक डबा निधीत जमा करायचा. ज्या घरात आजारपण, बाळंतपण, दुखवटा असं काही असेल त्या घरानं तो न्यायचा. आज तुम्ही मला, उद्या मी तुम्हाला. कुणी कुणाचा उपकार नाही, कुणी कुणाचा मिंधा नाही.

सभेला ही कल्पना इतकी आवडली की तिच्यावर लगेच भांडण सुरू झालं. एकादशीला वार आला तर साबुदाणा चालेल का? ज्यांच्याकडं लसूण चालत नाही त्यांच्या डब्याचं काय? बुधवारी आमच्यात मटण असतं, ते दुखवट्याच्या घरी कसं द्यायचं? विमा एजंट रविराज तांबे उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "आणि डबा परत नाही आला तर? स्टीलचा आहे, नाना. आमच्या लग्नातला. वर मामांचं नाव कोरलंय." या शेवटच्या मुद्द्यावर सभा सगळ्यात जास्त वेळ चालली. अखेर डबा घासून परत द्यावा, रिकामा द्यावा की रीतीप्रमाणे आत चिमूटभर साखर घालावी, हा प्रश्न पुढच्या सभेवर सोडून सगळे घरी गेले.

सुरुवातीला झालं असं, की कॉलनीत कुणी आजारीच पडेना.

डबे मात्र ठरल्याप्रमाणे बिभीषणरावांच्या ओट्यावर येऊन बसायचे. वर नावं कोरलेले, कडीला फडकं बांधलेले. पहिल्या दिवशीचा डबा त्यांनी आणि विजयमालाबाईंनी खाल्ला. दुसऱ्या दिवशीचाही खाल्ला. तिसऱ्या दिवशी विजयमालाबाई म्हणाल्या, "अहो, लोक म्हणतील कोळश्यांनी गावजेवणाची सोय करून घेतली." बिभीषणरावांनी त्या दिवशीचा डबा तसाच उचलला. ते चप्पल घालून आजारी माणूस शोधायला बाहेर पडले.

डॉक्टर हर्षल यांचा दवाखाना कॉलनीच्या तोंडालाच होता. "पेशंटची माहिती मी बाहेर देत नाही, नाना," डॉक्टर म्हणाले. "आणि खरं सांगू का, सध्या मीच पेशंट शोधतोय." पुढं रविराज गाडी पुसत होते. "काय तांबे, तब्येत काय म्हणते?" "ठणठणीत." "बघा, नीट आठवून. कंबर वगैरे?" रविराजांनी विमा विकतानाही इतक्या आशेनं कुणाला आजार विचारला नव्हता. ते गाडी अर्धवट सोडून घरात गेले.

शेवटच्या घरात भिमाजी गुरुजी राहायचे. निवृत्त शिक्षक, पत्नी जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा बंगळुरात. बिभीषणराव आत शिरले तेव्हा गुरुजी कपातल्या दुधात बिस्किटं बुडवत होते.

"गुरुजी, डबा आणलाय."

"नको, नको. माझं जेवण झालं." असं म्हणत गुरुजींनी कप वर्तमानपत्राखाली सरकवला. "आणि मला कुठं अडचण आहे? गरजूला द्या."

बिभीषणरावांनी सभोवार बघितलं. गॅसच्या शेगडीवर चक्क कॅलेंडर ठेवलं होतं, तेही मागच्या वर्षीचं. एरवी ते बोलायला कधी अडत नसत, पण या वेळी त्यांना शब्द जपून उचलावे लागले. "गुरुजी, अडचण तुमची नाही, माझी आहे. हा डबा कुणी खाल्ला नाही तर वाया जाईल. अन्नाचा अपमान होईल."

"अन्नाचा अपमान नको," गुरुजी पुटपुटले. त्यांनी फडकं सोडलं. त्या दिवशी दोडक्याची भाजी होती. दोडक्याची भाजी इतक्या आदरानं खाणारा माणूस बिभीषणरावांनी आयुष्यात बघितला नव्हता. ते छाती पुढं काढून घरी परतले. निधी सुरू झाला होता.

आणि मग एकदा सुरू झाला तो झालाच.

गुरुजींना डबा जातो, ही बातमी कॉलनीत फिरली. गुरुजी धडधाकट असून त्यांना डबा, मग आम्हीच काय पाप केलं, असा विचार घराघरात झाला. कुणाच्या घरी रंगकाम निघालं. कुणाचा गॅस संपला. एका घरात पोरीची दहावी होती, आणि दहावीत अख्ख्या घराला पोळ्या लाटायला वेळ नसतो हे त्यांनी बिभीषणरावांना तासभर समजावून सांगितलं, तेही भर स्वयंपाकाच्या वेळी. एका घरी सासू-सुनेचं वाजलं आणि दोघींनी एकमेकींच्या हातचं खायचं सोडलं. त्यांनी दोन वेगळे डबे मागितले, शक्यतो वेगळ्या भाज्यांचे.

रुपालीच्या अपेंडिक्सला तर पालवीच फुटली. "जखम भरली हो, नाना," गोजरबाई सांगायच्या, "पर अशक्तपना लई हाय. ताट उचलाया गेली की हात थरथरत्यात." हेच हात संध्याकाळी अंगणात बॅडमिंटन खेळताना बिभीषणरावांनी बघितले होते. पण बाईमाणसाच्या अशक्तपणाबद्दल पुरुषानं बोलू नये, हा विवेक त्यांच्यापाशी होता.

वाईट गोष्ट अशी की जो मागायला लागला त्यानं द्यायचं सोडलं. ते न्यायाला धरूनही होतं. अडचणीतल्या माणसाकडून डबा कसा घ्यायचा? बिभीषणरावांनी बसगाड्या आणि प्रवासी यांचं गणित हयातभर सांभाळलं होतं. पण इथं गाडीतला प्रवासी वाढत होता आणि प्रत्येक थांब्यावर गाडीचंच एक चाक उतरून आत येऊन बसत होतं.

अशा वेळी सल्ला देणारे कमी पडत नाहीत. रविराज एका सकाळी गंभीर चेहऱ्यानं आले. "नाना, तुम्ही अन्न वाटताय. परवाना आहे का? उद्या कुणाला जुलाब झाले तर अध्यक्ष म्हणून पहिली बेडी तुम्हाला."

"मी अध्यक्ष नाही. फक्त संयोजक आहे."

"बेडी संयोजकालाही बसते."

बिभीषणराव दुसऱ्याच दिवशी नगरला गेले. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही डबे विकता का?" "नाही." "हॉटेल आहे?" "नाही." "मग शेजाऱ्याला भाजी द्यायला परवाना लागत नाही, काका." बिभीषणराव म्हणाले, "तसं लिहून द्या." साहेब म्हणाले, "लागत नाही असं लिहून द्यायचा नमुना आमच्याकडं नाही." बिभीषणरावांनी नमुना कुणाकडं असतो ते विचारलं. तो दुसऱ्या मजल्यावर असावा, असं कळलं. दुसऱ्या मजल्यावर जेवणाची सुट्टी होती. सगळे आपापले डबे उघडून बसले होते. त्यातल्या एका भल्या माणसानं उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला मेथीच्या भाजीबरोबर अर्धी भाकरी दिली. बिभीषणराव ती खाऊन परत आले. त्या दिवसाचं एवढंच फलित.

मग त्यांनी नियम कडक केला. यापुढं डॉक्टरांची चिठ्ठी असेल त्यालाच डबा. दोनच दिवसांत डॉक्टर हर्षलांच्या दवाखान्याबाहेर इतक्या चपला जमल्या की त्यांना बाक वाढवावा लागला. चिठ्ठ्या येऊ लागल्या. 'पाठीत उसण, पोळ्या लाटण्यास असमर्थ.' 'फोडणीच्या धुराची ॲलर्जी.' एका चिठ्ठीवर नुसतंच 'थकवा' होतं, आणि ती चिठ्ठी डॉक्टरांच्या स्वतःच्या घरून आली होती.

गुरुजींनी चिठ्ठी आणली नाही. ते स्वतः चालत आले आणि फाटकाशीच थांबले. "बिभीषणराव, डबे पुरत नाहीत असं ऐकलं. माझा बंद करा. उन्हाळ्यात मला भूकही कमी असते."

"छे छे, गुरुजी, काहीतरीच काय! डबे भरपूर आहेत," बिभीषणराव म्हणाले. हे साफ खोटं होतं. त्या दिवशी निधीत डबे आले होते दोन आणि ते न्यायला माणसं उभी होती नऊ.

ही तूट भरून कोण काढत होतं, हे सांगायला नको. पहिल्यांदा विजयमालाबाई आपल्या दोघांच्या स्वयंपाकात एक डबा जास्तीचा करत. मग दोन. मग सकाळी उठल्यापासून त्यांचं लाटणं थांबेचना. बिभीषणराव मधूनमधून स्वयंपाकघराच्या दारात येऊन मागणीचे आकडे सांगायचे, फलाटावर गाडी लागल्याची घोषणा करावी तसे.

त्या मंगळवारी ते दारात आले आणि म्हणाले, "अजून दोन वाढवा. कोपऱ्यावरच्यांकडं पाहुणे आलेत."

विजयमालाबाईंनी गॅस बंद केला. लाटणं धुतलं. जागेवर ठेवलं. "मी बेलापूरला जाते. रतनकडं."

रतनबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. "अचानक? किती दिवस?"

"माझी अडचण संपेपर्यंत."

"कसली अडचण?"

विजयमालाबाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. तेवढ्या बघण्यात लग्नापासूनच्या सगळ्या पोळ्या होत्या. मग त्या पिशवी घेऊन रिक्षात बसल्या. जाताना बिभीषणराव म्हणाले, "पण दुपारच्या डब्यांचं काय?" रिक्षा निघून गेल्यावर त्यांना वाटलं, आपण दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं.

आता पुरुषासारखा पुरुष अशा वेळी निधी बंद करून मोकळा झाला असता. पण पारावर उभं राहून 'माझी बायको रुसली म्हणून कॉलनीचं समाजकार्य बंद' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? शिवाय गुरुजींचं वर्तमानपत्राखाली सरकवलेलं दूध त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. बिभीषणरावांनी कॉलनीला कळवलं की एका गुप्त दात्यानं सर्व डब्यांची जबाबदारी घेतली आहे. मग त्यांनी आतून कडी लावली आणि कुकर शोधायला सुरुवात केली.

कुकर सापडला. तांदूळ, डाळ सापडली. हळद आणि हिंग यांच्यात थोडी गफलत झाली. अंदाजानं पाणी घातलं. गाड्यांचे भोंगे ओळखण्यात ज्याचा हात कुणी धरला नसता, त्या माणसाला कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या नाहीत, कारण चौथ्या शिट्टीला तो घाबरून परसात जाऊन उभा राहिला होता. झाकण उघडलं तेव्हा खिचडी खाली काळी, मध्ये पिवळी आणि वर पांढरी, अशी तीन थरांत तयार होती. त्यांनी ती ढवळून एकजीव केली. ती करडी झाली.

डबे गेले.

संध्याकाळी गोजरबाई कुंपणाशी आल्या. "नाना, ही खिचडी कुन्या घरची म्हनायची?"

"गुप्त दान आहे, गोजरबाई. नाव सांगता येत नाही."

"नका सांगू. गुप्तच ऱ्हाऊ द्या बिचारीला. न्हाईतर कुनीतरी मारंल."

बिभीषणरावांना हे गिळावं लागलं. दुसऱ्या दिवशी रविराजांनी डबा परत करताना विचारलं, "नाना, हे दान आहे की सूड?" तिसऱ्या दिवशी सासू-सुना दोघी मिळून तक्रार घेऊन आल्या. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच एकत्र दिसत होत्या. बिभीषणराव प्रत्येकाला शांतपणे सांगायचे, "दात्यापर्यंत निरोप पोचवतो." निरोप तत्काळ पोचत होता आणि मनाला लागतही होता. रात्री ते कुकर घासताना स्वतःशीच म्हणायचे, "फुकट मिळतंय तर नावं ठेवतात लेकाचे." त्यांना एकदम विजयमालाबाईंची आठवण यायची. आमटीत मीठ कमी पडलं की आपण ताट किती जोरात सरकवायचो, हेही आठवायचं. मग ते कुकर अधिक जोरात घासायचे.

पण त्या आठवड्यात एक चमत्कार घडला. रंगकाम रातोरात उरकलं. गॅस आला. पाठीतली उसण उतरली. धुराची ॲलर्जी असलेल्या घरातून दुपारी तळलेल्या मिरच्यांचा ठसका थेट पारापर्यंत आला. रुपाली स्टुलावर चढून गच्चीच्या कठड्यावर कुरडया वाळत घालताना दिसली आणि बिभीषणरावांना बघून म्हणाली, "आता एकदम बरं हाय, नाना. डबा नका पाठवू. आय शपथ नका पाठवू." डॉक्टर हर्षल स्वतः चौकशीला आले. "नाना, तुम्ही लोकांना काही औषध देता का? माझ्याकडची गर्दी एकदम ओसरली."

डबा नेणारा एकच माणूस उरला. भिमाजी गुरुजी.

गुरुजींचा डबा रोज रिकामा आणि लख्ख घासून परत यायचा. बिभीषणरावांना संशय आला की गुरुजी खिचडी मागच्या दारी टाकत असावेत. त्यांना वाईट वाटलं. त्याहून वाईट याचं वाटलं की टाकत असतील तर त्यांची काही चूक नाही. रोज ते दारात जरा घुटमळून परतायचे; एक दिवस डबा देऊन निघालेच नाहीत, दारातच उभे राहिले.

गुरुजींनी ताट घेतलं, खिचडी वाढून घेतली आणि खाली मान घालून खाऊ लागले. शेवटचं शीतही त्यांनी बोटानं टिपलं. मग पाणी पिऊन म्हणाले, "आज मीठ बरोबर पडलं, बिभीषणराव."

"दात्याला सांगतो."

"सांगितलं की आत्ता."

बिभीषणराव गोरेमोरे झाले. "तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? पोस्टमन पत्र टाकून पुढं जातो हो. वाचणाऱ्याच्या तोंडाकडं बघत थांबतो तो लिहिणारा. तुम्ही आठवडाभर दारात घुटमळताय."

बिभीषणराव खुर्चीत बसले. "इतकी वाईट असते, मग खाता कशाला, गुरुजी?"

गुरुजींनी खोटं बोलायचा विचार केला असावा. पण ते शिक्षक होते. "वाईट असतेच," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तर मला वाटलं, कुणीतरी भिंतीला लावायला कालवलेलं चुकून डब्यात आलं. पण ती गरम असते. आणि देणारा माणूस 'कशी आहे तब्येत' म्हणून दोन शब्द बोलतो. बिस्किटं काही बोलत नाहीत." ताट उचलत ते म्हणाले, "आता डबा नको. मीच येत जाईन तुमच्याकडं. दोघं मिळून करू. मलाही येत नाही. पण बिघडली तर दोष तरी वाटून घेता येईल."

दुसऱ्या दिवशी दोघांनी भाकरी करायचं ठरवलं. खिचडीची इयत्ता उत्तीर्ण झालो, असं बिभीषणरावांचं म्हणणं होतं. गुरुजींनी पीठ मळलं आणि बिभीषणरावांनी थापलं. परातीत भाकरी झाली ती गोल नव्हती, चौकोनीही नव्हती. उचलताना तिचे दोन तुकडे झाले. "एक तुमची, एक माझी," गुरुजी म्हणाले. तव्यावर धूर झाला. पिठल्यात गाठी झाल्या. दोघांच्या भुवयांना पीठ लागलं होतं, आणि मीठ घातलं की नाही यावर त्यांचं अगदी रंगात आलेलं भांडण चाललं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"घर पेटवायचं राहिलं का अजून?"

दारात विजयमालाबाई उभ्या होत्या. हातात पिशवी. गोजरबाईंनी त्यांना फोन करून सांगितलं होतं की वहिनी, लगोलग या, नानांनी अख्खी कॉलनी बरी करून टाकली, आता गुरुजींचा जीव तरी वाचवा.

बिभीषणरावांना बरंच काही बोलायचं होतं. सभेसाठी जुळवलेलं भाषण असावं तसं ते आठवडाभर त्यांच्या मनात तयार होतं. पण हातात उलथनं आणि भुवईला पीठ असताना माणसाला भाषण सुचत नाही. ते एवढंच म्हणाले, "हात धुऊन घ्या. पानं घेतोय."

विजयमालाबाई थांबल्या. लग्नापासून या घरात त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली, हात धुतले आणि पाटावर बसल्या. स्वयंपाकाच्या ओट्याकडं एकदाही गेल्या नाहीत. पदर सावरून, दुसऱ्याच्या घरी पाहुणी बसावी तशा बसल्या. बिभीषणरावांनी वाढलं. गुरुजींनी कांदा फोडला. बाईंनी एक घास घेतला, चावला, थोडा वेळ चावतच राहिल्या. दोन्ही पुरुष त्यांच्या तोंडाकडं बघत उभे होते.

"मीठ घातलंय," त्या म्हणाल्या. "दोघांनीही."

तेवढ्यात बिभीषणरावांचा फोन वाजला. कोपऱ्यावरच्या घरात पुन्हा पाहुणे आले होते, निधीतून चार डबे मिळतील का विचारत होते. विजयमालाबाईंनी हात पुढं करून फोन मागून घेतला. "हो, मिळतील की. खिचडी आहे. नाही, नाही, गुप्त कसलं, आमच्या ह्यांनीच केलीय."

पलीकडून फोन बंद झाला.

बिभीषणराव दुखावले. "म्हणजे काय? माझी खिचडी एवढी वाईट होती?"

"हो," गुरुजी आणि विजयमालाबाई एकदमच म्हणाले, आणि बाईंनी ताट पुढं सरकवलं. "वाढा अजून थोडं."